हिराशेठची विलायती माणसं

आमच्या शेजारचे हिराशेठ गाणी ऐकायला बसण्याआधी आंघोळ करतात, केसांना चोपून तेल लावतात आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गळ्यापर्यंतची बटणं लावतात. जायचं कुठेच नसतं. गाणी त्यांच्याच घरात, त्यांच्याच रेकॉर्ड प्लेयरवर लागायची असतात. एरवी हा माणूस बनियन आणि हाफ चड्डीत अख्खं अंजूर गाव पालथं घालतो. बँकेतसुद्धा तसाच जाऊन आलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. म्हणून एकदा न राहवून विचारलं, "शेठ, घरातल्या घरात एवढा थाट कशाला हो?"

"बाई, आत हजारभर मानसां बसलीत. त्यांच्यात बनियनवर कसा जाऊ?" शेठ म्हणाले.

आत म्हणजे रेकॉर्डमध्ये.

मी धामणकर नाक्याजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. आमची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे तिथे पूर्वी हिराशेठांची भातखाचरं होती. इमारतीला लागून त्यांचा बंगला आहे, पिस्ता रंगाचा, गच्चीवर सिमेंटचा गरुड बसवलेला. बंगल्यात माणसं दोनच, शेठ आणि त्यांची बायको जमनाकाकू. वडप्याला हायवेवर शेठचं एक मोठं गोदाम आहे, त्याच्या भाड्यावर दोघांचं उत्तम चाललेलं असतं. त्यामुळे नाद करायला शेठना वेळ भरपूर. आणि नाद लागला तोही त्या गोदामातच.

झालं असं, की विलायतेतून जुनं सामान आणून विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने गोदामातला एक कोपरा भाड्याने घेतला होता. चिनी मातीच्या किटल्या, डुगडुगणाऱ्या आरामखुर्च्या, असलं काय काय. धंदा काही चालला नाही. जाताना तो म्हणाला, उरलेलं तुम्हीच ठेवा. शेठनी किटल्या वाटून टाकल्या, खुर्च्या पावसात कुजल्या, आणि उरला एक रेकॉर्ड प्लेयर व रेकॉर्डींचं खोकं. कुणा एका विलायती माणसाने आयुष्यभर जमवलेला ठेवा असणार तो, आणि त्या माणसाची आवडही ठरलेली असणार. कारण खोक्यातल्या झाडून सगळ्या रेकॉर्डी विलायती गाण्याच्या मंडळींच्या, आणि झाडून सगळ्या भर कार्यक्रमात ध्वनिमुद्रित केलेल्या. गाण्याच्या आधी लोकांचा गलका, मध्ये शिट्ट्या, शेवटी टाळ्यांचा पाऊस.

शेठना इंग्रजीचं अक्षर येत नाही. त्यामुळे मंडळींची बारशी त्यांनी स्वतःच केली. केस कपाळावर आलेले ते 'झिपरे'. कोटवाले ते 'तहसील'. एका रेकॉर्डच्या वेष्टनावर चौघे सारख्याच नाकाचे, पण चौघांची तोंडं चार दिशांना. ती 'भावकी'. "वाटन्या झाल्यात, पन गायला एकत्र येतात. शिकन्यासारखं हाय," असं शेठ गावातल्या भांडकुदळ भावांना ऐकवतात.

पण खरं सांगायचं तर शेठचं गाण्याकडे अर्धंच लक्ष. त्यांचं प्रेम समोर बसलेल्या माणसांवर. 'झिपऱ्यां'च्या कार्यक्रमात एक बाई दर गाण्याला किंचाळते. ती 'आपली बाय'. 'तहसील'च्या कार्यक्रमात कुणी तरी मधूनमधून खोकतं. त्या खोकल्याची शेठना इतकी काळजी, की रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला तो ऐकू आला नाही तेव्हा म्हणाले, "गेला असंल पानी प्यायला. थंडी पन लय असते तिकडं." रेकॉर्ड उलटताना मध्यंतर. मध्यंतरात चहा आणि लघवीला जाऊन यायची मुभा. गाणं सुरू असताना मात्र स्पीकरसमोरून कोणी आडवं जायचं नाही, मागच्यांना दिसत नाही.

माझी या कार्यक्रमात भरती झाली ती दुभाषी म्हणून. दोन गाण्यांच्या मध्ये गायक काहीतरी बोलतो, ते शेठना कळायला हवं होतं. मला वाटलं, त्यात काय. इतकी वर्षं पोरांना इंग्रजी घोकून घेतेय. प्रत्यक्षात गायक बोलला आणि माझी बोबडी वळली. तोंडात विडा धरून बोलावं तसं ते इंग्रजी, एक शब्द कळेल तर शपथ. शेठ टक लावून बघत होते.

"तो म्हणतोय, तुम्ही सगळे आलात, फार बरं वाटलं," मी ठोकून दिलं.

"येवढंच? लांब बोलला की तो."

"आणि म्हणतोय, घरची कामं टाकून आलात."

शेठनी मान डोलावली. "मानुसकी हाय," म्हणाले. तेव्हापासून रविवार दुपारची माझी हजेरी पक्की झाली. आमचे हे, म्हणजे सुधीर, सुरुवातीला मला हसायचे. मग मध्यंतरातल्या चहाबरोबर काकूंच्या हातचे तळलेले बोंबील असतात असं कळलं आणि तेही शर्टाची बटणं लावून यायला लागले. तिसरे अन्सारीचाचा. त्यांचा समोरच्या गल्लीत लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना आहे, आणि खटाखट ऐकून कान गेलेत. ते स्पीकरच्या लाकडावर तळहात ठेवून बसतात. ऐकू किती येतं देव जाणे, पण ड्रमवाल्याची पारख चोख. "इसका लूम बराबर चल रहा है," असं एकदा म्हणाले, की शेठ आनंदाने मांडीवर थाप मारतात.

जमनाकाकू मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायच्या, बोंबील साफ करत, कपाळाला आठ्या घालून. "यो मानूस येडा झालाय," एवढंच म्हणायच्या. पण कान तिखट. एका संथ गाण्यात गायकाचा आवाज जरा कापला तर त्या हातातला बोंबील तसाच धरून म्हणाल्या, "याच्या घशात आवंढा हाय. पोरगी सासरी धाडली काय याने?" मी म्हटलं, काकू, तुम्हाला गाण्यातलं कळतं. त्या उठून आत गेल्या. शेठनी पहिल्यांदाच गाणं चालू असताना मागे वळून बघितलं.

त्याचा उलगडा झाला तो सुधीरच्या आगाऊपणामुळे. ह्यांनी एका रविवारी मोठ्या कौतुकाने 'झिपऱ्यां'चं तेच गाणं फोनवर शोधून काढलं आणि शेठना ऐकवलं. स्वच्छ, सुरेख, प्रत्येक वाद्य वेगळं कळावं असं. शेठ ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. गाणं संपलं.

"मानसां कुठं गेली?" शेठनी विचारलं.

"कुठली माणसं?"

"कोनीच न्हाय आलं? आपली बाय पन न्हाय?" त्यांचा आवाज अगदी बसला. "कार्यक्रम पडला म्हना की बिचाऱ्यांचा. तरी शेवटपर्यंत गायले हां. कोन न्हाय बघून अर्ध्यात उठले न्हाय."

मला हसू आवरेना. पण सुधीर पडले इंजिनियर, समजावून सांगितल्याशिवाय त्यांना अन्न पचत नाही. ते म्हणाले, शेठ, ही स्टुडिओतली रेकॉर्ड आहे. बंद खोली असते, भिंतींना गाद्या लावतात, कानाला हेडफोन, समोर काच. एकेकाने येऊन गायचं आणि मग सगळं जोडायचं. सगळं जग असंच रेकॉर्डिंग करतं, तुमचं खोकंच जगावेगळं आहे.

शेठना हे पटायलाच वेळ लागला. मग ते तापले. "म्हंजे कोनी समोर नसताना म्हनून ठेवायचं? आनि मग लोकांनी आपापल्या घरी आयकायचं? हे म्हंजे पंगत उठल्यावर वाढल्यासारखं झालं." बोलता बोलता ते थांबले. स्वयंपाकघराकडे बघत हळूच म्हणाले, "आमच्या जमनाचं असंच केलं त्यांनी."

आणि मग कळलं, की जमनाकाकू धवलारीण आहेत. आमच्या भागात आगरी लग्नात धवलारणीचा मान भटजीपेक्षा कांकणभर जास्तच. मांडव घालण्यापासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं, धवला, म्हटल्याशिवाय पुढचं पाऊल पडायचं नाही. काकूंना ही विद्या त्यांच्या आईकडून आलेली. अंजूरपासून पार खाडीपलीकडे त्यांना बोलावणं असायचं. पुढे हळदीला डीजे आले, बेंजो आले. धवलारणीला आधी कोपऱ्यात बसवलं, मग तिला बोलवायचंच राहून गेलं. शेठच्या एका भाच्याला वाटलं, निदान मामीचे धवले रेकॉर्ड तरी करून ठेवू. चांगल्या मनाने तो काकूंना ठाण्याच्या एका स्टुडिओत घेऊन गेला. गादीच्या भिंती, कानाला हेडफोन, काचेपलीकडे एक मुलगा अंगठा दाखवतोय. काकूंनी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना.

"घरी येऊन माना बोलली, गला गेला माझा," शेठ सांगत होते. "गला न्हाय गेला बाई. समोर मानूस नव्हता. नवरी न्हाय, वरमाय न्हाय, गादीला काय धवला सांगनार? पन तिनं मनाला लावून घेतलं. तेवापासून चुलीपाशी पन गुनगुनत न्हाय. घर कसं आंधारल्यासारखं वाटतं."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे खोकं, हा शर्ट, आम्हाला रविवारी रविवारी आणून बसवणं. शेठना विलायती गाण्याचं वेड आहेच, त्यात खोट नाही. पण त्या वेडाच्या आडून ते काकूंसाठी माणसं जमवत होते. गप्प बसणारी, आडवी न जाणारी, मनापासून ऐकणारी. मला त्या क्षणी या बनियनवाल्या म्हाताऱ्याचा इतका लोभ वाटला की पुढच्या रविवारी मी शाळेतल्या चार बायका धरून आणल्या.

माणसं जमली, पण घोडं अडलं भलतीकडेच. शेठनी काकूंसमोर विषय काढला, तर त्या फटकन म्हणाल्या, "लगीन न्हाय, हळद न्हाय, धवला काय रेडू हाय कधी पन लावायला? नवरानवरीचं नाव घ्यावं लागतं त्यात. कोनाचं नाव घेऊ, तुमच्या त्या झिपऱ्यांचं?"

यात मात्र काकूंचं बरोबर होतं. धवला हवेत म्हणत नाहीत, तो कुणाच्या तरी लग्नाचा असावा लागतो. झालं. शेठ लग्न शोधायला निघाले. गावात ज्याच्या घरी हळद असेल त्याच्या दारात जाऊन उभे. सगळीकडे डीजे ठरलेला. एका घरी म्हणाले, काका, डीजेवाला जेवायला बसला की म्हणून घ्या. शेठ तिथून चहाही न घेता परतले. म्हणाले, "माझ्या बायकोचं गानं काय लोनचं हाय, मधल्या वेळेला वाढायला?"

मग त्यांनी नवंच लग्न जुळवायचं मनावर घेतलं. रिक्षा स्टँडवरच्या एका बिनलग्नाच्या पोराला चहा पाजून पाजून हैराण केलं. अन्सारीचाचांना विचारलं, तुमच्यात कुणाचं आहे का. चाचा म्हणाले, "है तो सही, मगर निकाह में धवला कैसे डालूँ, हिराभाई?" माझ्याकडेही आले. "बाई, तुमच्या शाळेत कोनी सुटा मास्तर हाय का?"

"आहेत एक. पण त्यांना लग्नच नको आहे."

"आवाज तर आयकू दे त्याला, मग बोलंल," शेठ म्हणाले. मी त्या मास्तरांना सावध करून ठेवलं.

असे दोनतीन महिने गेले. एका रविवारी आम्ही नेहमीप्रमाणे जमलो. मी, सुधीर, माझ्या चार मैत्रिणी, चाचा. रेकॉर्ड प्लेयर बंद होता. सुधीरना शेठनी आधीच बजावलं होतं की आज फोन चार्ज करून आणा. काकू उंबऱ्यावर लसूण सोलत बसलेल्या. आणि आतल्या खोलीतून हिराशेठ बाहेर आले ते कपाळाला मुंडावळ्या बांधून, दोन्ही गालांना हळद फासून, हातात नारळ धरून. सत्तरी ओलांडलेला नवरदेव. आमच्यातल्या एकीला ठसका लागला. चाचांनी तोंडावर रुमाल धरला.

काकूंच्या हातातला लसूण खाली पडला. "लाज हाय का न्हाय जरा? लोकां बसलीत," त्या म्हणाल्या.

"लोकां बसलीत म्हनूनच." शेठ त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. बोलताना मुंडावळ्यांच्या लडी हलत होत्या, पण हसू नव्हतं तोंडावर. "नवरा पायजे बोललीस, नवरा उभा हाय. आपल्या लग्नात तुझ्या आयशीनं धवला म्हनला. तू नवरी, खाली मान घालून गप बसली होतीस. सगल्या गावाच्या पोरांची लग्नां लावलीस तू. माझं लगीन तुझ्या तोंडून माना आयकायचंय."

काकू उठून आत गेल्या, तेव्हा मला वाटलं संपलं. शेठ तसेच नारळ धरून उभे. मला त्यांच्याकडे बघवेना. आतून नळाचा आवाज आला. मग काकू बाहेर आल्या, हात धुतलेले, डोक्यावरून पदर घेतलेला. त्या खाली बसल्या, मला व माझ्या मैत्रिणींना हाताने जवळ बोलावलं. "मी म्हनीन त्याचं शेवटचं पद तुमी उचलायचं. बायकांनी उचललं न्हाय त पुढं जात न्हाय."

पहिल्या ओळीला आवाज चिरला. दुसरीला सापडला, आणि मग असा वर चढला की मी शेवटचं पद उचलायचं विसरले. काकूंनी मला कोपराने ढोसलं. त्या गाण्यात मांडव उभा राहिला, दारी आंब्याचे डहाळे लागले, जात्यावर हळद दळली गेली, देवांना आमंत्रणं गेली, खाडीलाही गेलं. चाचा स्पीकरपासून उठून काकूंसमोर येऊन बसले होते आणि त्यांच्या ओठांकडे बघत होते. लूममध्ये सगळे तसंच ऐकतात, ओठ बघून. धवला पुढे सरकत सरकत नवरदेवापाशी आला. आता तो कुणाचा कोण, त्याचं नाव काय, हे सांगायचं. आणि काकू थांबल्या.

मला आधी कळेना. मग लक्षात आलं. काकूंच्या तोंडून मी ते नाव कधी ऐकलंच नव्हतं. 'आवो', 'यो मानूस', फार तर 'शेठ'. जुन्या वळणाची बाई, नवऱ्याचं नाव घ्यायची नाही. आणि नाव घेतल्याशिवाय धवला पुढे जात नाही. शेठ खाली मान घालून उभे होते, नवरीसारखे. काकूंनी डोळे मिटले. वरचा सूर लावला आणि त्यावर एकेक अक्षर ठेवत ते नाव गायल्या. हिराजी. आम्ही बायकांनी ते उचललं आणि काकूंनी पुन्हा गायलं, आधीपेक्षा मोठ्याने. शेठ हातातल्या नारळासकट खाली बसले आणि सगळ्यांदेखत रडले.

त्या दिवशी काकू दिवेलागणीपर्यंत गात होत्या. गाण्यातली वरात निघाली तेव्हाच थांबल्या. सुधीरच्या फोनमध्ये ते सगळं आहे. माझे बेसूर, सुधीरची शिंक, खिडकीखालून गेलेल्या टेम्पोचा हॉर्न. आता काकूंना पुन्हा कुठून कुठून बोलावणी येतात, कधी जातात, कधी नाही म्हणतात. रविवारचा कार्यक्रमही चालू आहे.

बदललं आहे ते एवढंच, की काकू आता घरातही नाव घेतात. मी विचारलं तर म्हणाल्या, "येवढ्या लोकांत तोंडातून गेलं, आथा कशाला लपवू?" सकाळी मी शाळेला निघते तेव्हा हटकून ऐकू येतं. काकू मागच्या दारातून हाक मारतात, "हिराजी, पानी आलं, मोटार लावा." शेठ अंगणात मोटारीच्या शेजारीच उभे असतात, बटणावर बोट ठेवून. पण ओ देत नाहीत. काकूंना वाटतं कान गेले यांचे. त्या पुन्हा हाक मारतात, जरा लांबवून, "हिराजी". शेठ माझ्याकडे बघतात, ओठांवर बोट ठेवतात, आणि तिसऱ्या हाकेची वाट बघत राहतात.